उलट बोलणारा पक्षी

बायका कधी कारखान्यात उमेदवारी करत नव्हत्या, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. गेल्या महिन्यात एकानं म्हटलं. ग्रिमशॉ अँड बेल कारखान्याच्या जुन्या कामगारांना आमच्या ग्रंथालयात बोलावलं होतं. चहा, बिस्किटं, आणि आमच्या आठवणी टिपून घ्यायला टेबलावर एक इवलंसं यंत्र. म्हातारे भलतेच खुशीत होते. कुणाला पहिल्याच दिवशी काचेचा हातोडा आणायला पाठवलं होतं, कुणाच्या विजारीत ग्रीस भरलं होतं, आणि आता ऐंशी वर्षांचे झाल्यावर तीच त्यांना जन्माची कमाई वाटत होती. मग आठवणी टिपायला आलेला तो गोड चेहऱ्याचा तरुण माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आणि थेल्मा, तुम्ही मुली काय करायचात? बायका काही उमेदवार नव्हत्या, पण कँटीनमध्ये गाणी वगैरे म्हणत असाल ना?"

मी म्हटलं, "बाळा, यंत्र चालू आहे का? मग बिस्कीट खाली ठेव आणि ऐक."

कारखाना नदीला लागून होता. एका शेडमध्ये कापड छापायची यंत्रं बनायची, दुसऱ्या शेडमध्ये त्या यंत्रांत बसणारे तांब्याचे रूळ कोरले जायचे, आणि मागच्या अंगाला कापडही छापलं जायचं. इंजिनियरिंगवाले आम्हाला नाजूक समजायचे आणि आम्ही त्यांना हमाल. मुलगे शाळा संपली की उमेदवारीला लागायचे. मालकाची सही, बापाची सही, मुलाची सही, आणि मग एकविसाव्या वर्षापर्यंत मुलगा कारखान्याला बांधलेला. पण कारखानाही त्याला बांधलेला असायचा, हे महत्त्वाचं. त्याला शिकवावंच लागायचं. तो कितीही ठोंब्या निघाला तरी त्याला काढता यायचं नाही.

बायकांना सही नव्हती. आम्ही पेंटाग्राफ नावाच्या यंत्रावर बसायचो. समोर जस्ताच्या पत्र्यावर नक्षी मोठी करून कोरलेली असायची, पक्षी म्हणा, पान म्हणा. हातातली सुई त्या रेघांवरून फिरवायची. वरती तांब्याचा रूळ, त्यावर काळ्या रोगणाचा थर, आणि त्याला टेकतील अशी हिरकणीची टोकं ओळीनं लावलेली. मी खाली एक मोठा पक्षी गिरवला की वर छोट्या पक्ष्यांची अख्खी रांग उमटायची. पायाखालची पट्टी दाबली की टोकं टेकायची, पाय उचलला की सुटायची. मग रूळ अ‍ॅसिडात जायचा आणि जिथं रोगण खरवडलेलं असेल तिथं तांबं खाल्लं जायचं. म्हणजे माझी चूक कधी एकटी नसायची. माझा हात एकदा घसरला की सगळे पक्षी घसरायचे.

हे काम मला हिल्डा रॉथवेलनं शिकवलं. हिल्डा महायुद्धाच्या आधीपासून त्या स्टुलावर होती. तिच्या हाताखालून आम्ही सगळ्या गेलो. ती म्हणायची, "हात अडाणी असला तरी भागतं गं, पाय शहाणा पाहिजे." इतकी वर्षं शिकवूनही कागदावर ती 'मुलगी'च होती. केस पिकले तरी मुलगीच.

मला मात्र पलीकडच्या उत्तरेच्या खिडकीखालचं काम हवं होतं. तिथं पुरुष बसायचे, डोळ्याला भिंग लावून, पोलादाच्या ठशावर हातानं कोरायचे. गिरवायचं नाही, कोरायचं. मी जेवणाच्या सुट्टीत मागे उभी राहून बघायची आणि माझे हात शिवशिवायचे. एकदा धीर करून फोरमनला विचारलं. फोरमन मिस्टर प्रॉक्टर हसले. "लग्न कर पोरी, आणि नवऱ्याचं डोकं कोर," ते म्हणाले. शेडभर हशा पिकला. मी पण हसले, कारण सतराव्या वर्षी माणूस हसतं. घरी गेल्यावर रडले.

माझ्या हातून मोठी चूक झाली ती त्याच हिवाळ्यात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायच्या कापडाचा रूळ होता. पानांच्या जाळीत बसलेला लांब शेपटीचा पक्षी, चोच मिटलेली. माझी सुई नेमकी चोचीच्या टोकावर असताना मिस्टर प्रॉक्टर पाठीमागून आले.

"काय गं, झोपलीस का? आईवर गेलीस वाटतं. तीही लूमवर अशीच पेंगते म्हणे."

माझी आई विणकर. तेरा वर्षांची असल्यापासून लूमपुढे उभी. बाबा गेल्यावर तिनं एकटीनं मला वाढवलं. मी गर्रकन मागे वळले आणि म्हटलं, "माझी आई पेंगली असती ना मिस्टर प्रॉक्टर, तर तुमचा शर्ट अजून कापसाच्या झाडाला लटकत असता."

बायका खिदळल्या. प्रॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पुढे वळले आणि सुई चोचीवरून शेपटीकडे नेली. माझ्या अंगाचा थरकाप होत होता आणि पाय पट्टीवरच राहिला होता, हे मला कळलंच नाही. पाय शहाणा नव्हता.

रोगणात असेपर्यंत असली चूक दुरुस्त करता येते. कुंचल्यानं पुन्हा रोगण लावलं की रेघ बुजते. त्यासाठीच अ‍ॅसिडच्या आधी फोरमन रूळ तपासतो. पण मिस्टर प्रॉक्टर चष्मा म्हाताऱ्यांचा असं मानायचे, म्हणून तो खिशात ठेवायचे. त्यांनी रुळावर नजर फिरवली, "जाऊ दे," म्हणाले, आणि रूळ अ‍ॅसिडात गेला. बाहेर आला तेव्हा प्रत्येक पक्ष्याच्या चोचीतून एक थरथरती, वेडीवाकडी रेघ निघून पानांवरून पार शेपटीपर्यंत गेलेली होती.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं. मला सगळ्यांसमोर टोपी आणि एप्रन उतरवायला लावलं आणि फाटकाबाहेर काढलं. त्याच आठवड्यात एका उमेदवार मुलानं तयार रूळ फरशीवर पाडून त्याला पोचा आणला होता. त्याच्या कानाखाली एक बसली आणि दुसऱ्या दिवशी तो शीळ घालत कामावर आला. त्याच्या नावाचा कागद होता ना! मी एक रेघ जास्त मारली तर गेले, आणि त्यानं अख्खा रूळ घालवला तरी तो राहिला. हा फरक माझ्या डोक्यात जो रुतला तो आजतागायत निघालेला नाही.

रूळ वाया गेला होता, पण लिव्हरपूलला जहाज उभं होतं आणि गाठी भरायच्या होत्या. मॅनेजर मिस्टर लॉन्सडेल म्हणाले, छापा आणि स्वस्तात फुंकून टाका, तिकडे कोण बघतंय. कापड गेलं. रूळ लेथवर घासून कोरा केला. मी आमच्याच गल्लीतल्या मासे-चिप्सच्या दुकानात मागच्या बाजूला बटाटे सोलायला लागले.

वसंतात हिल्डा तिथं आली. दुकानाच्या मागच्या दारात उभी राहिली आणि नुसतीच हसत राहिली.

"काय झालं? प्रॉक्टर मेला का?" मी विचारलं.

"त्याहून चांगलं. थेल्मा, तुझा पक्षी विकला जातोय."

"कुठला पक्षी?"

"तोच, चोचीतून रेघ आलेला. तिकडे आफ्रिकेत कुमासीच्या बाजारात बायका त्याच्यासाठी भांडतायत. कंपनीचा तिकडचा एजंट आलाय, लॉन्सडेलच्या टेबलावर मुठी आपटतोय. तिकडे बाजारातल्या बायका कापडाला नाव ठेवतात, आणि नाव जमलं तर कापड उरत नाही. तुझ्या पक्ष्याला नाव पडलंय."

"काय नाव?"

"'मी गप्प बसणार नाही.'" हिल्डाला हसू आवरेना. "नवऱ्यानं दुसरी आणली, की बाई हे नेसते आणि सगळ्या गल्लीतून चालत जाते. एक शब्द बोलावा लागत नाही. आणि आता तर तिकडे स्वातंत्र्य यायचंय म्हणे. सगळ्या देशालाच काहीतरी बोलायचंय."

मी इतकी हसले की सोललेले बटाटे पायाशी सांडले. मग म्हटलं, "मग छापा की. माझ्याकडे कशाला आलीस?"

"रूळ घासला ना. नवा करायला घेतला. खिडकीखालच्या चांगल्या चांगल्या पुरुषांनी ती रेघ पत्र्यावर कोरली. सुबक, सरळ, चर्चमधल्या मेणबत्तीसारखी. नमुना तिकडे पाठवला. बाजारातल्या मोठ्या व्यापारीणबाईनं बघितला आणि एजंटच्या अंगावर फेकला. म्हणाली, ह्या पक्ष्याच्या तोंडात गांडूळ आहे. आमचा पक्षी बोलतो." हिल्डानं डोळे पुसले. "लॉन्सडेलनं निरोप दिलाय. ये म्हणतोय. तुझं स्टूल तुला परत."

मी सुरी खाली ठेवली. "स्टूल नको," मी म्हणाले. "कागद पाहिजे. उमेदवारीचा. नक्षीकाराचा, हातानं कोरायचा. मुलांना देतात तसाच्या तसा."

हिल्डाचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझ्या मनात आलं, हिनंही कधीतरी हेच मागितलं असणार. पण ती एवढंच म्हणाली, "ते देणार नाहीत, पोरी."

"मग त्यांना गांडूळ विकू दे."

घरी आईला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, मिळतंय ते घे आणि तोंड आवर. आईनं बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "कागद आधी, काम मागाहून."

मिस्टर लॉन्सडेल गोड बोलण्यात पटाईत. "का नाही, का नाही," ते म्हणाले. "काळ बदलतोय, मिस केरशॉ. कागद तयार करायला वेळ लागतो, तुम्ही वयानं अज्ञान आहात तेव्हा आईची सही लागेल. शुक्रवारी आईंना घेऊन या, सही होऊन जाईल. तोवर हात जरा बसवून घ्या ना." मला वाटलं, हरकत काय. हात बसवायलाच तर सांगतोय.

मी स्टुलावर बसले आणि माझी गंमत झाली. रेघ येईना. तीच चोच, तीच सुई, पाय मुद्दाम दाबून ठेवलेला, आणि रेघ निघायची ती शेवाळासारखी मिळमिळीत. पुसायची, पुन्हा रोगण, पुन्हा रेघ. मला राग नव्हता ना! मी खूश होते. मला कागद मिळणार होता. आनंदी माणसाच्या हाताला ती रेघ येत नव्हती. प्रॉक्टर मागे येरझाऱ्या घालत होते आणि एकदाही खेकसले नाहीत. त्यांना तशी ताकीद असावी. खेकसले असते तर कामच झालं असतं.

शुक्रवारी आई आली. चर्चला जायची हॅट घालून, हातात पर्स. आमच्या शेडच्या टोकाला दोन-चार पायऱ्या वर मॅनेजरची काचेची केबिन होती. आत लॉन्सडेल आणि प्रॉक्टर बोलत उभे होते. त्यांनी आईला हातानं थांबायची खूण केली. ती खाली, यंत्रांच्या घरघरीत, पर्स पोटाशी धरून उभी राहिली आणि वर काचेकडे बघू लागली.

इथं एक सांगायला हवं. लूमच्या आवाजात ओरडून काही उपयोग नसतो. आईच्या गिरणीतल्या सगळ्या बायका ओठांनीच बोलायच्या. आवाज नाही, नुसते ओठ, मोठे मोठे करून, आणि समोरची शेडच्या दुसऱ्या टोकाहून वाचायची. रविवारी बसच्या खिडकीतून आई पलीकडच्या फुटपाथवरच्या दोघींचं भांडण मला वाचून दाखवायची. नदीकाठच्या सगळ्या घरांत हे माहीत होतं. पण मॅनेजर लोक टेकडीवर राहायचे. काच लावली की बाई बहिरी झाली, असं त्यांना वाटायचं.

मी पाहिलं, आईचा चेहरा बदलला. आधी नाकपुड्या फुगल्या. मग ती सावकाश माझ्याकडे वळली आणि तिचे ओठ हलले. बिनआवाजी, पण मला घंटेसारखं ऐकू आलं.

"तो म्हणतोय, रेघ मिळाली की पोरीला वाटेला लावा. कागद बिगद काही नाही. युनियनवर ढकलू."

गरज सरो, वैद्य मरो. मी त्यांची वैद्य होते.

उठून जावं असं वाटलं. पण उठून गेले असते तर माझ्या हातात काय होतं? मी आईला बोट दाखवलं, थांब. सुई चोचीच्या टोकावर ठेवली. पाय दाबला. हात माझा राहिला नव्हताच. तो कापत कापत पानांवरून निघाला, अडखळला, उसळला, शेपटीला जाऊन धडकला. पाय उचलला. वर पाहिलं, आणि रुळावरचे सगळेच्या सगळे पक्षी एकदम तोंड उघडून बोलत होते.

मिस्टर प्रॉक्टर केबिनमधून उतरले. या वेळी चष्मा लावून. रुळावर वाकले, आणि त्यांच्या तोंडून कधी नव्हे ते निघालं, "शाब्बास! अगदी तीच! साहेब, मिळाली!"

लॉन्सडेल हात चोळत खाली आले. "उत्तम, मिस केरशॉ. अ‍ॅसिडात पाठवा."

मी आधीच रोगण पुसायच्या टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली होती. ती रुळावर धरली, टेकवली नाही. थेंब खाली फरशीवर पडत होते.

"कागद," मी म्हणाले.

"सोमवारी नक्की."

"आत्ता. माझी आई आलीय, पेन तिच्या पर्समध्ये आहे."

"हे बघ पोरी," मिस केरशॉची लगेच पोरी झाली, "शहाणपणा करू नकोस. चिंधी खाली ठेव. सोमवारी बोलू."

मी चिंधी टेकवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ पुसून काढला. रोगण काळ्या अश्रूंसारखं ओघळलं. तांबं उघडं पडलं, लख्ख, गुलाबी, एकही पक्षी नसलेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? ते पक्षी फार सुंदर होते. आयुष्यात मी तशी रेघ पुन्हा काढू शकेन की नाही याची खात्री नव्हती. पण पुसताना हात कापला नाही.

लॉन्सडेलचा चेहरा बीटासारखा झाला. "हिल्डा!" ते ओरडले. "तू बस. तू शिकवलंयस हिला, तुला येईल."

हिल्डानं आपल्या यंत्रावरची सुई अडकवून ठेवली. सावकाश उठली. "आलं असतं, साहेब. पण माझा पाय आखडलाय."

"मग दुसरी कोणीतरी!"

"माझाही आखडलाय," पलीकडून कोणीतरी म्हणालं. मग तिच्या पलीकडची. एकेक पाय पट्टीवरून उचलला गेला, एकेक यंत्र थांबलं, आणि त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा नदीचा आवाज ऐकला.

शांतता झाली तशी खिडकीखालचे पुरुष मान वर करून बघू लागले. लॉन्सडेलना तिकडेच आधार दिसला. "टॅटरसॉल!" त्यांनी हाक मारली. "जरा इकडे या आणि ह्या बायकांना समजावून सांगा. मी तर आज सही केली असती हो. पण तुमची युनियन मुलींना उमेदवार म्हणून घेते का?"

विल्फ टॅटरसॉल युनियनचे प्रमुख. भिंग कपाळावर सरकवलेलं, नियम तोंडपाठ, आणि नियमाबाहेर स्वतःच्या भाच्यालाही घोटभर चहा न देणारे. ते आले. मला म्हणाले, "नाही घेत. कधी घेतलेलं नाही. राग मानू नकोस थेल्मा, पण जे आहे ते आहे."

"ऐकलंस?" लॉन्सडेल म्हणाले. त्यांचा रंग परत येत होता. मला वाटलं, संपलं. रेघही गेली, कागदही गेला.

तेवढ्यात आई बोलली. या वेळी आवाजात. विणकरणीचा आवाज बाहेर पडला की शेड भरून उरतो.

"मिस्टर टॅटरसॉल, तुम्ही भले गृहस्थ आहात म्हणून सांगते. आत्ता त्या काचेमागे हा माणूस तुमच्याबद्दल काय म्हणाला, ऐकायचंय? म्हणाला, टॅटरसॉल आपला पाळलेला पोपट आहे. नाही म्हण म्हटलं की नाही म्हणतो. आपल्याला तोंड विटाळावं लागत नाही."

"खोटं आहे हे!" लॉन्सडेल म्हणाले. "दार बंद होतं. हिला ऐकू कसं जाणार?"

"ऐकलं नाही. वाचलं," आई म्हणाली.

विल्फ टॅटरसॉलची आईसुद्धा विणकर होती. त्यांनी आईकडे पाहिलं, मग काचेकडे, मग लॉन्सडेलच्या तोंडाकडे. लॉन्सडेलनं नकळत हात ओठांवर नेला. विल्फचे कान हळूहळू लाल झाले. मग भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "युनियनची हरकत नाही."

"काय?"

"हरकत नाही म्हटलं. मुलगी उमेदवार होऊ दे. तुम्ही आत्ताच म्हणालात, सही केली असती. करा. साक्षीदार मी. माझी माणसं बघतायत, साहेब, आणि त्यांचेही पाय आखडायला वेळ लागायचा नाही."

खिडकीखाली कोणीतरी हातोडा बाकावर ठेवल्याचा आवाज झाला. मग दुसरा.

कागद केबिनमधून आला. तोच छापील, मुलांचा. 'मुलगा' असं छापलेलं होतं, ते विल्फनी स्वतःच्या हातानं खोडलं. आईनं पेन काढलं आणि जीभ दातांत धरून सही केली. मी केली. लॉन्सडेलनी इतक्या रागानं केली की निब कागदातून आरपार गेलं. विल्फनी सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला, सगळ्या अटींसकट, कारण वाचल्याशिवाय साक्ष द्यायची नाही असा नियम होता. त्या अटी मला तेव्हा भजनासारख्या वाटल्या. मालकानं शिकवलं पाहिजे. मालकाला मुदतीआधी काढता येणार नाही. आई रडली नाही. तिनं हॅट सरळ केली.

"झालं?" लॉन्सडेल म्हणाले. "मिळालं सगळं मनासारखं? आता बस स्टुलावर आणि काढ तो पक्षी. जहाज थांबलंय."

मी स्टुलाकडे वळले. खरंच सांगते, मी बसणारच होते. पण विल्फ टॅटरसॉलनी मध्ये हात घातला.

"नाही, साहेब."

"आता काय आणखी?"

"आत्ताच वाचलं मी. तिसरी अट. पहिल्या वर्षाच्या उमेदवारानं तांब्याला हात लावायचा नाही. झाडलोट करायची, हत्यारं पुसायची, आमचा चहा करायचा." त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते नियम सांगत होते आणि नियमाची ते कधी थट्टा करत नसत. "काल ती मुलगी होती, काल बसवली असतीत तर चाललं असतं. आज ती आमची आहे. माझ्या उमेदवाराला तुम्ही रुळावर बसवलंत, तर सगळी शेड बाहेर पडेल."

प्रॉक्टरनी डोक्याला हात लावला. लॉन्सडेल विल्फकडे बघत राहिले, मग हिल्डाकडे, जी आपल्या आखडलेल्या पायावर मजेत उभी होती, मग माझ्याकडे.

"मग माझा पक्षी कोण काढणार?" ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

"मी," मी म्हणाले. "एक वर्ष थांबा."

आणि मग खिडकीखालची मोठी काळी किटली उचलून मी नळावर पाणी भरायला गेले.